ऑनलाइन आणि हायब्रिड वर्गात उताऱ्याचं आकलन कसं शिकवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहावी-सातवीचा वर्ग, काही मुलं समोर बाकावर, काही घरून जोडलेली. उतारा स्क्रीनवर दाखवला, एकाने मोठ्याने वाचला, खालचे प्रश्न विचारले, उत्तरंही बरोबर आली. पण नवा उतारा दिला की तीच मुलं ‘का’ आणि ‘कशावरून’ या प्रश्नांपाशी अडतात. पाठात नेमकं काय बदलायचं?

मी बरीच वर्षं भाषा शिकवते आहे, आणि दोन्ही प्रकारच्या वर्गांत हाच पाठ घेत आले आहे. सगळ्यात मोठा फरक कोणत्या ॲपचा नाही. समोर बसलेलं मूल वाचत असताना आपल्याला त्याचं वाचन दिसत असतं. बोट एका शब्दावर थांबतं, ओठ हलतात, नजर मागच्या ओळीवर जाते, भुवया जवळ येतात. आपण नकळत त्याच्या बाकापाशी जाऊन उभे राहतो. पडद्यावरच्या छोट्या चौकटीत यातलं काहीच दिसत नाही. तिथे दिसतं ते फक्त उत्तर, आणि तेही बहुधा एका-दोघांचं. म्हणून ऑनलाइन वाचनपाठाची आखणी करताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारते: वाचता वाचता मुलाच्या डोक्यात काय चाललंय, त्याची खूण मला कुठे आणि कधी मिळणार आहे? ती मिळण्याची सोय पाठात नसेल, तर कितीही देखणी स्लाइड असली तरी आपण अंधारात शिकवतो आहोत.

ही अडचण पडद्याने निर्माण केली असंही नाही. डोलोरेस डर्किन यांनी अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांत बसून केलेली निरीक्षणं १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध झाली. वाचनाच्या तासांच्या ४,४६९ मिनिटांत आकलन प्रत्यक्ष शिकवण्यावर जेमतेम २० मिनिटं खर्च झाली होती. बाकीचा बराचसा वेळ प्रश्न विचारणं, उत्तरं तपासणं, कृतिपत्रिका सोडवून घेणं यात गेला होता. म्हणजे समजलं का, हे तपासलं जात होतं. समजून कसं घ्यायचं, हे सांगितलं जात नव्हतं. ऑनलाइन तासात हा कल आणखी बळावतो, कारण प्रश्नांचा फॉर्म बनवणं सगळ्यात सोपं आहे. फॉर्म भरून येतात, गुण आपोआप मिळतात, आणि शिकवल्याचं समाधानही मिळतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते एका उताऱ्यावर दाखवते. हा उतारा मी अशा पाठासाठीच लिहिला आहे. ओळींना क्रमांक आहेत, आणि त्याचं कारण पुढे येईल.

१. मीराने दप्तर पाठीला लावलं, खुंटीवरची छत्री काढली आणि दार उघडलं.
२. समोरच्या भिंतीवर एक कावळा पंख पसरून बसला होता.
३. मीराने क्षणभर वर पाहिलं, छत्री पुन्हा खुंटीला अडकवली आणि निघाली.
४. कोपऱ्यावर ती रस्ता ओलांडायला थांबली, तेवढ्यात एक गाडी भरकन शेजारून गेली.
५. पाच मिनिटांत मीरा पुन्हा दारात उभी.
६. “अगं, शाळा नाही का?” आईने विचारलं.
७. मीरा काहीच बोलली नाही. तिने फक्त आपला गणवेश दाखवला.

पाऊस, चिखल, डबकं यातला एकही शब्द उताऱ्यात नाही. तरी या तिन्ही गोष्टी वाचकाच्या डोक्यात तयार झाल्याशिवाय सातवी ओळ समजत नाही. ‘मीराने काय दाखवलं?’ असा प्रश्न विचारला तर सगळा वर्ग ‘गणवेश’ म्हणेल आणि आपल्याला वाटेल, समजलं. ‘ती परत का आली?’ हे विचारलं की खरी परिस्थिती कळते. काही मुलं म्हणतात, छत्री विसरली म्हणून. काही म्हणतात, पावसात भिजली. काहींना गाडीचा संबंधच लागलेला नसतो.

या उताऱ्याचा पाठ मी दोन ठिकाणी थांबवून घेते. पहिल्या तीन ओळी दाखवायच्या, पुढच्या झाकलेल्या. मुलांनी मनात वाचायचं. मग प्रश्न: “आत्ता बाहेर हवा कशी आहे? कोणत्या ओळीवरून?” प्रत्येकाने उत्तर चॅटमध्ये टाइप करायचं, पण पाठवायचं नाही. मिनिटभराने मी “पाठवा” म्हणते आणि सगळी उत्तरं एकदम येतात. एवढ्याशा शिस्तीने फार फरक पडतो. नाहीतर सगळ्यात चपळ मुलाचं उत्तर आधी येतं आणि बाकीचे त्यालाच पाठिंबा देतात. एकदम आलेल्या उत्तरांत ‘ऊन आहे’, ‘पाऊस पडतोय’, ‘पाऊस थांबला’ असे तिन्ही प्रकार असतात, आणि तोच आपला शिकवण्याचा माल. ‘पडतोय’ म्हणणाऱ्याने फक्त पहिली ओळ धरली आहे. ‘ऊन आहे’ म्हणणाऱ्याने फक्त तिसरी. ‘थांबला’ म्हणणाऱ्याने दोन्ही जोडल्या, आणि कदाचित कावळ्याचे पसरलेले पंख वाळत आहेत हेही पकडलं. बरोबर कोण, हे मी लगेच सांगत नाही. तिन्ही उत्तरं वाचून दाखवते आणि म्हणते, “आता ओळ एक आणि ओळ तीन पुन्हा वाचा. दोन्ही खऱ्या ठरतील असं उत्तर कोणतं?” मुलं स्वतःच आपलं उत्तर बदलतात. मागे जाऊन पुन्हा वाचणं ही वाचकाची सगळ्यात महत्त्वाची सवय, आणि ती इथे सगळ्यांच्या देखत घडते.

दुसरा थांबा सातव्या ओळीनंतर. इथे मी आधी स्वतः मोठ्याने विचार करून दाखवते: “गणवेश दाखवला म्हणजे त्यावर काहीतरी असणार. घरातून निघाली तेव्हा तसं काही लिहिलेलं नाही. म्हणजे जे झालं ते मधल्या ओळींत. मधे काय आहे? गाडी. मघाशी आपण ठरवलं की पाऊस नुकताच थांबलाय. मग रस्ता कसा असेल?” इथे मी थांबते, शेवटची पायरी मुलांना चढू देते. हे मोठ्याने विचार करणं ऑनलाइन वर्गात रेकॉर्डही करता येतं. दोन-तीन मिनिटांची चित्रफीत, पडद्यावर उतारा आणि कर्सर त्या त्या ओळीवर फिरतोय. ज्याचं नेट मधेच गेलं त्याला ती नंतर ऐकता येते, आणि ज्याला एकदा ऐकून उमगलं नाही त्याला चारचौघांत न विचारता पुन्हा ऐकता येते.

ओळींच्या क्रमांकांचा उपयोग आता लक्षात आला असेल. वर्गात आपण बोट ठेवून सांगतो, “इथे बघ.” घरच्या मुलाला ते बोट दिसत नाही. “ओळ चार” म्हटलं की बाकावरचं मूल, मोबाइलवरचं मूल आणि छापील कागद घेऊन बसलेलं मूल एकाच जागी पोचतात. प्रत्येक उत्तराबरोबर ओळ क्रमांक लिहायचा, हा नियम मी कधी मोडत नाही. उत्तर चुकलं तरी ओळ पाहिली की ते का चुकलं हे कळतं.

प्रकट वाचनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. स्क्रीन शेअर करून एका मुलाला वाचायला लावायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हा ऑनलाइन तासातला सगळ्यात वाया जाणारा वेळ. आवाज तुटतो, वाचणारा अडखळतो, आणि ज्यांना बऱ्यापैकी वाचता येतं त्यांची नजर पुढे आणि कान मागे राहतात. वाचायला मूकवाचनाचा खरा वेळ द्या. घड्याळ लावून आठ-दहा मिनिटं कॅमेरा बंद, माइक बंद, कॉल चालू. ती शांतता सुरुवातीला शिक्षकालाच जड जाते. मात्र ज्या मुलाला अक्षर-शब्द पातळीवरच अडतं, त्याच्यासाठी त्याच उताऱ्याचं रेकॉर्डिंग आधीच पाठवून ठेवा.

या रेकॉर्डिंगचा आणखी एक उपयोग आहे. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र शिक्षकाच्या फार कामाचं आहे: वाचनाचं आकलन म्हणजे शब्द ओळखता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्याजवळ गेली की दुसरी कितीही चांगली असली तरी उत्तर शून्याजवळच राहतं. एखादं मूल सतत मागे पडत असेल तर त्याला एक उतारा वाचायला द्या आणि तितकाच अवघड दुसरा उतारा नुसता ऐकायला द्या. ऐकलेला समजला आणि वाचलेला नाही, तर त्याला वाचनाचा सराव हवा, आकलनाच्या युक्त्या नकोत. दोन्ही समजले नाहीत, तर शब्दसंपत्ती आणि विषयाची माहिती यांवर काम करायला हवं. वर्गात ही तपासणी करायला निवांत कोपरा मिळत नाही. ऑनलाइन तासात पाच मिनिटांची स्वतंत्र ब्रेकआउट रूम, म्हणजे त्याच कॉलमधली वेगळी छोटी खोली, सहज मिळते, आणि आपलं वाचन कुणी ऐकत नाही म्हणून मूलही मोकळं होतं.

विषयाच्या माहितीचं महत्त्व आपण कमी लेखतो. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ च्या प्रयोगात मुलांना बेसबॉल सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. तेव्हा उतारा ज्वालामुखीवर असेल तर आदल्या दिवशी एक चित्र, दोन मिनिटांची चित्रफीत आणि तीन-चार शब्द पाठवून द्या. हे काम तासाबाहेर होऊ शकतं, आणि इथे ऑनलाइन पद्धत वर्गापेक्षा खरोखर वरचढ आहे. फक्त उताऱ्यात जे शोधायचं आहे तेच आधी सांगून टाकू नका.

कागद की स्क्रीन, हा प्रश्न हमखास येतो. पाब्लो डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यास, म्हणजे १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक, एकत्र तपासले. माहितीपर मजकूर असेल किंवा वेळेचं बंधन असेल, तेव्हा कागदावर वाचणाऱ्यांचं आकलन सरस होतं. गोष्टींच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. यावरून मी माझ्यापुरतं ठरवलंय: गोष्ट स्क्रीनवर चालेल, पण विज्ञान-इतिहासाचा उतारा शक्य तिथे छापील द्यावा. छापणं शक्य नसेल तर मजकूर सरकवत वाचावा लागणार नाही अशी मांडणी करावी, एका पानावर एकच परिच्छेद, मोठा टाइप. शेजारी वही-पेन्सिल हवीच, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर वहीत एक ओळ. मिनिटांची उलटी गिनती दाखवणारं घड्याळ आकलनाच्या चाचणीला लावू नये.

प्रश्न विचारून किती थांबता, तेही पाहा. मेरी बड रो यांच्या निरीक्षणात शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत असत. तो अवधी तीन सेकंदांच्या पुढे नेला की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. हे प्रत्यक्ष वर्गाचं झालं. ऑनलाइन तासात आवाज पोचायला वेळ, म्यूट काढायला वेळ, बोलू की नको याला वेळ. तीन सेकंद तिथे काहीच नाहीत. मी आधीच जाहीर करते, “आता अर्धा मिनिट कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा नाही.”

गटकामासाठी ॲनमरी पालिन्सर आणि ॲन ब्राऊन यांची १९८४ ची पद्धत ब्रेकआउट रूमसाठी चांगली आहे. अंदाज बांधणं, प्रश्न काढणं, न समजलेलं उलगडणं आणि सारांश सांगणं ही चार कामं, चार मुलं, प्रत्येक परिच्छेदाला कामांची अदलाबदल. पण आधी एका गटाकडून सगळ्यांसमोर करून घ्या, बाकीच्यांनी पाहायचं. तसं न करता खोल्या उघडल्या की पहिली चार मिनिटं “काय करायचंय?” यातच जातात. आणि खोल्याखोल्यांतून फिरू नका. प्रत्येक गटाला सामायिक डॉक्युमेंटचं एक पान द्या आणि तुम्ही ते डॉक्युमेंट उघडून बसा. कुठल्या पानावर काहीच उमटत नाही हे दिसलं की त्याच खोलीत जा. कामं यांत्रिक व्हायला लागली, म्हणजे मुलं नुसते साचे भरायला लागली, की दोन आठवडे ही पद्धत बाजूला ठेवा.

आता हायब्रिडबद्दल. हा सगळ्यात अवघड प्रकार. आपलं लक्ष साहजिकच समोरच्या मुलांकडे जातं आणि घरची मुलं प्रेक्षक होतात. म्हणून पाठ घरच्या मुलाला धरून आखायचा आणि वर्गातल्यांना त्यात आणायचं. फळ्याकडे कॅमेरा लावून काही उपयोग नाही, घरी अक्षर वाचता येत नाही. सामायिक डॉक्युमेंट हाच दोघांचा फळा. वर्गातलं मूल बोललं की त्याचं म्हणणं माइकजवळ येऊन तुम्ही पुन्हा सांगायचं. बोलण्याची पहिली पाळी घरच्यांची. वर्गात एकच संगणक असेल तर रोज एका मुलाला ‘घरच्यांचा आवाज’ नेमावं: चॅटमध्ये आलेलं त्याने मोठ्याने वाचायचं, आणि बाकावरच्यांनी चिठ्ठीवर लिहिलेलं चॅटमध्ये टाकायचं. मुलांना हे काम मानाचं वाटतं. वर्गातल्या आणि घरच्या मुलांच्या जोड्या लावायच्या असतील तर वर्गातल्या मुलाला हेडफोन हवाच, नाहीतर आवाज घुमतो.

आणि जे जमत नाही ते ओढूनताणून करू नये. एकट्या शिक्षकाने चाळीस मिनिटं दोन्हीकडे सारखं लक्ष देणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. आठवड्यातून एक-दोनदा तास सरळ विभागावा: वर्गातली मुलं मूकवाचन आणि ओळीच्या नोंदी करताहेत तेव्हा पंधरा मिनिटं फक्त घरच्यांशी चर्चा, मग उलट. त्या पंधरा मिनिटांत प्रत्येक मूल बोलतं. दिवसभर नुसतं जोडलेलं राहण्यापेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे. यासाठी मजकूर कमी करावा लागतो, हेही मान्य करा. एक उतारा दोन तास चालला आणि तीनदा वाचला गेला तर काही बिघडत नाही.

प्रश्नांचा फॉर्म टाकून द्या असं मी म्हणणार नाही, पण त्यातले प्रश्न बदला. टॅफी राफेल यांनी प्रश्नांची केलेली वर्गवारी इथे कामी येते: उत्तर एकाच जागी लिहिलेलं, वेगवेगळ्या ओळी जोडून मिळणारं, उतारा आणि आपलं ज्ञान मिळून तयार होणारं, आणि फक्त आपल्या अनुभवातून येणारं. पहिल्या प्रकारची उत्तरं शोधायला वाचावंच लागत नाही, शब्द शोधला की सापडतो. अशा प्रश्नांना फॉर्ममध्ये एक-दोन जागा पुरेत. तयार उत्तरं देणारी साधनं आता मुलांच्या हाताशी आहेत, त्यामुळे घरी सोडवायच्या लांब प्रश्नांवर माझा फारसा भर नसतो. वाचता वाचता थांबवून विचारलेल्या प्रश्नाला ती वाट सापडत नाही.

घरून काही मागवायचंच असेल तर मी मिनिटभराचा व्हॉइस मेसेज मागवते. उतारा बाजूला ठेवून, जे वाचलं ते कुणाला तरी सांगतोय असं सांगायचं. कमी नेटवरही तो पोचतो. ऐकताना मी तीन गोष्टींकडे लक्ष देते. घटनांचा क्रम नीट आहे का. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ असे जोड येतात का, की नुसतं ‘मग, मग, मग’ चाललंय. आणि ‘तो’, ‘ती’, ‘त्याने’ म्हणजे नेमकं कोण, हे मुलाला पक्कं ठाऊक आहे का. अनेकदा संपूर्ण उतारा विस्कटतो तो अशा एका सर्वनामापाशी, आणि लेखी उत्तरात ते कधीच दिसत नाही. उत्तरादाखल मी एकच गोष्ट सांगते, तीही आवाजातच: “ओळ चार पुन्हा वाच आणि मला सांग, गाडी गोष्टीत कशासाठी आली?”

पालकांचा भाग राहिला. कॅमेऱ्याच्या बाहेरून हळूच उत्तर सांगणारं कुणीतरी बहुतेक घरांत असतं, आणि ते प्रेमापोटी असतं. त्यांना रागावू नका, त्यांना काम द्या. सुरुवातीलाच एक मेसेज पाठवा: मूल अडलं तर उत्तर सांगू नका, फक्त “कुठल्या ओळीवरून वाटतं?” असं विचारा आणि ते शोधेपर्यंत थांबा. ज्यांना स्वतःला फारसं वाचता येत नाही अशा आजी-आजोबांनाही हा प्रश्न विचारता येतो, आणि मुलं त्यांना उत्साहाने ओळ वाचून दाखवतात.

सुरुवात करायची तर पुढच्याच उताऱ्याला ओळींचे क्रमांक घाला आणि दोन थांबे ठरवा, एवढंच. बाकीचं एकेक करून आणा. महिन्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा व्हॉइस मेसेज जपून ठेवा आणि एकामागून एक ऐका. ‘मग, मग’ची जागा ‘त्यामुळे’ घेऊ लागली असेल, तर मुलं ओळी जोडायला लागली आहेत. अजून तसं होत नसेल, तर उतारे आणखी छोटे करा आणि थांबे वाढवा.